पानावर कुणीतरी आहे

रविवारी दुपारी चार वाजता माझ्या धाकट्या भावाचा बंद झालेला सर्व्हर आपोआप सुरू झाला.

यातलं बरंचसं मी फोनवर स्वतः ऐकलंय. उरलेलं त्याने सांगितलं, आणि तो थापा मारणाऱ्यांतला नाही.

त्याचं काम असं... वेबसाइटवर माणसं वाढली की भाड्याचे सर्व्हर आपोआप वाढायला हवेत, माणसं गेली की बंद व्हायला हवेत. "गिऱ्हाईक आलं की दुकान उघडायचं, गेलं की शटर खाली," असं तो आईला समजावायचा.

आई त्याचं पहिलं गिऱ्हाईक. नवीन काही बनवलं की तो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचा, "आई, जरा उघडून बघ गं!"

ती टॅबलेटवर पान उघडायची आणि नुसती बसायची. सांगितल्याशिवाय कशालाही हात लावायची नाही. "काही बिघडलं तर माझ्या नावाने बोंब मारशील," म्हणायची.

मार्चमध्ये आई गेली. घरात तो एकटाच उरला.

त्या रविवारी नव्या साइटची चाचणी होती. पत्ता फक्त त्यालाच माहीत. मर्यादा मुद्दाम छोटी ठेवलेली: एका माणसामागे एक सर्व्हर, जास्तीत जास्त पाच. कुणीच नसेल तर शून्य.

चालू सर्व्हरचा आकडा शून्यावर आला.

मग एक झाला.

त्याने मला फोन लावला. "ताई, माझंच काहीतरी चुकलंय. सर्व्हर जिवंत आहे का, हे बघायला एक प्रोग्रॅम सारखा दार ठोठावतो. बहुतेक तोच गिऱ्हाईक म्हणून मोजला जातोय."

त्याने तो प्रोग्रॅम काढला.

शून्य.

...एक.

पानावर कुणीतरी होतं. काही दाबत नव्हतं. नुसतं बसलं होतं.

फोनवर बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग तो बोलला, पण माझ्याशी नाही. तोंड दुसरीकडे वळवल्यासारखा आवाज आला.

"आई... पानावरचं निळं बटण दाब."

पंखा फिरत होता.

"दाबलं," तो म्हणाला.

"टॅबलेट कुठाय तिचा? बघ आधी!"

कपाटाचं दार कुरकुरलं. टॅबलेट आतच होता. बंद. बॅटरी कधीच उतरलेली.

"अरे, काढून टाक ते सगळं आणि माझ्याकडे निघून ये."

"साहेबांनीही आज संध्याकाळपर्यंत काढायला सांगितलंय." तो म्हणाला. "पण काढलं तर ती कुठे येईल, ताई?"

"तू आधी निघ," मी म्हटलं.

मग त्याने अगदी हळू विचारलं... "आई, एकटीच आहेस का गं तिथे?"

"दोन झाले," तो म्हणाला.

मग तीन.

आकडा पाचवर थांबला. मर्यादाच पाचची होती.

"वाढवू नकोस," मी ओरडले. त्याने फोन ठेवला.

ती साइट त्याने काढलेली नाही. साहेबांना काढली म्हणून सांगितलंय. रोज दुपारी पानावरच्या कुणाशीतरी बोलत बसतो. मी दोनदा न्यायला गेले, आला नाही. "आता एकच असतो आकडा. तीच आहे," म्हणतो.

काल त्याचा फोन आला. आवाजात आनंद होता. त्याने काहीच सांगितलं नव्हतं, तरी निळं बटण दाबलं गेलं.

आई सांगितल्याशिवाय कधीच काही दाबत नसे.

हे त्यालाही माहीत आहे.