चाफ्याखालची झोळी

मी भुतंखेतं मानत न्हाई. आजही न्हाई. मेंढरं घेऊन मसणवट्याच्या कडेला मुक्काम केलेली बाई हाय मी. पण तू महालाच्या बागेचं विचारलंस म्हणून सांगते. ती वात जरा वर कर, तुझं तोंड दिसू दे.

निजामाचं राज्य होतं तवा. बाळापूरच्या अलीकडं नवाबाचा जुना महाल होता. नवाब ऱ्हायचा हैदराबादला. महालात निस्ते पहारेकरी अन् माळी. पहारेकऱ्याची बायको मदीनाबी माझ्याकडून घोंगड्या घ्यायची. त्या दिवशी घोंगडी पोचवायला निघाले, तं धाकट्या जावेला, चांगुणाला संगं घेतलं. तिचं पहिलं लेकरू उन्हाळ्यात गेलं होतं, अन् आता दिवाळी होऊन गेली तरी ती धड बोलत नव्हती, जेवत नव्हती. म्हटलं, चार फुलं बघंल, जीव रमंल.

मदीनाबीनं घोंगडी पांघरून बघितली अन् खूश झाली. म्हणाली, "सरकार इथं न्हाईत. जाव, बाग बघून या. फूल तोडू नका, बस."

अशी बाग मी जन्मात पाह्यली नव्हती. मधून दगडी पाट, त्यात झुळझुळ पाणी. दोन्ही अंगाला सुरूची झाडं, सगळी एका उंचीची. मेंदीचं कुंपण असं कातरलेलं, जशी आमी मेंढराची लोकर कातरतो. दुपार कलली होती. गुलाबाचे ताटवेच्या ताटवे. चांगुणा पाटात पाय सोडून बसली अन् जरा हसली. मला लई बरं वाटलं.

मग पाखरं गप झाली. एकदम न्हाई, एकेक करून.

"अक्का... लेकरू रडून राहिलं."

"मोर आसंल."

"मोर न्हाई..."

मलाबी आलं ऐकू. बारीक, रडून रडून दम लागलेलं. म्हटलं, माळ्याच्या बायकोनं निजवलं आसंल. चांगुणा तवर उठून मेंदीच्या फटीतून आत शिरली होती. मी मागं गेले.

पलीकडं पानं झडलेला चाफा होता. त्याच्या फांदीला लाल मखमलीची झोळी बांधलेली, रंग उडालेली, जरीची किनार काळी पडलेली. झोळी हलत होती. जवळ कुणी न्हाई, वारा न्हाई. कुबट वास येऊन राहिला होता, ओल्या भिंतीवानी. मी वाकून आत पाह्यलं, बराबर पाह्यलं. निस्तं कापड होतं. पण झोळी भरल्यावानी ताणलेली, फांदी करकरत होती, अन् रडणं आतूनच येत होतं.

चांगुणानं मला बाजूला सारलं अन् आत दोन्ही हात घातले. हात वर आले ते रिकामे, पण काही पेलल्यावानी कोपरात वाकलेले. ती चाफ्याला टेकून बसली अन् पदर पुढं ओढला.

"चांगुणा, ठेव खाली."

"भूक लागली त्याला... अक्का..."

तिचे ओठ पांढरे पडत होते. अंगाला हात लावला तं गार. तिला अशीच बसू दिली तं ती उठणार न्हाई, हे मला कळलं. ओढून नेलं तं ती सोडणार न्हाई, हेबी कळलं. मी मनाशी म्हटलं, कुणाचं का आसंना, लेकरूच हाय. लेकराला भ्यायचं काहून?

तिच्या हाताखाली मी माझे हात घातले. वजन आलं! भिजलेल्या लोकरीवानी गार, जड. मान माझ्या कोपरात बराबर टेकली. मी ते झोळीत निजवलं, झोका दिला.

"नीज बाबा. ही तुझी आई न्हाई. तुझी आई येईल."

रडण्याचे हुंदके झाले, मग तेबी थांबले. झोळी तशीच ताणलेली ऱ्हायली. मी चांगुणाचा हात धरला अन् चालत भाईर आले. पळाले न्हाई.

मदीनाबीला झोळीचं सांगितलं तं तिनं घोंगडी खाली ठेवली. तिनं एकच विचारलं, "पाजलं तं न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हटलं. मी पाह्यलं होतं तेवढं तं खरंच होतं. तिनं सुस्कारा टाकला.

वाटेत चांगुणा बोलायला लागली. घरी येऊन पोटभर जेवली. पुढं तिला लेकरं झाली, सगळी धडधाकट. मी जिंकले, असंच समजते मी.

पण त्या सांजेला तिची चोळी भिजलेली होती. लेकरू जाऊन इतके महिने झाले, दूध कवाच आटलं होतं, ते परत आलं. मग रोजच आलं. रोज दिवेलागणीला ती मागच्या खोलीत जाऊन बसायची अन् हलकी होऊन भाईर यायची. एकदा मी दाराआडून पाह्यलं. चांगुणा डोळे मिटून बसली होती, अन् खांद्याजवळ रिकाम्या हवेवर हलक्या हातानं थोपटत होती.

मी हाक मारणार, तेवढ्यात मला ढेकर ऐकू आला. लहानसा, दुधाचा.