सात नंबरचं दुसरं कुलूप

मोशीच्या साहेबरावांनी शेत विकून उरलेल्या तुकड्यावर पत्र्याच्या दहा खोल्या काढल्या होत्या. सात नंबरच्या भिवा आणि सनीनं तीन महिन्यांचं भाडं थकवलं, तेव्हा एके दिवशी भर बाराला ते तिकडे गेले. दाराला पोरांचं कुलूप होतंच. त्यांनी त्याच कडीत आपलं दुसरं अडकवलं आणि खोलीची लाइटही तोडली. माणूस तसा वाईट नव्हता, पण भाडं थकलं की डोकं फिरायचं.

चावी काढतात तोच आतून आवाज आला. धप, धप... धप.

शेजारच्या खोलीतल्या कस्तुराबाई दारात आल्या. "दादा, आतनं वाजतंय वो."

"टाकीचा पाइप वाजतोय त्यो. जा, कामाला लागा."

पाइपच असणार, असं स्वतःला समजावत साहेबराव घरी जाऊन पोटभर जेवले.

तीनला भिवाचा फोन आला. "काका, कुलूप घातलं म्हणं तुमी? आवो, सनी आत हाय! रातपाळी करून झोपतो, त्याची झोपमोड नको म्हणून मीच बाहेरून कुलूप लावून कंपनीत येतो. त्याचा फोन पण लागंना..."

साहेबराव ताडकन उठले. एप्रिलचं ऊन, डोक्यावर पत्रा, पंखा बंद. पोराचं काही बरंवाईट झालं तर? चावी आणि हातोडी घेऊन ते धावतच सुटले.

चाळीत चिटपाखरू नव्हतं. त्यांनी आपलं कुलूप काढून खिशात टाकलं, पोरांचं फोडलं आणि दार ढकललं.

"सनी... बाळा..."

आत भट्टी पेटल्यासारखं तापलं होतं. घामाचा वास होता. ते आत शिरले, गोधडी उचलली. खाली कुणीच नव्हतं.

फोन वाजला. भिवा हसत होता. "काका, सनी कंपनीतच हाय! ओव्हरटाइमला थांबला, फोन लॉकरमधी. मी आपलं सवयीनं अंथरुणाकडं न बघताच कुलूप लावलं."

साहेबरावांनी देवाचं नाव घेतलं. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

मग दार लागलं. बाहेर कडी सरकली आणि कुलूप दाबल्याचा खटका झाला. त्यांनी खिसा चाचपला. त्यांचं कुलूप तिथंच होतं, चावीसकट.

फोन लावला, रेंज नव्हती. त्यांनी दारावर मूठ मारली, पुन्हा मारली. हाताला कळ लागली म्हणून थांबले. मग तिसऱ्यांदा मारली.

बाहेरून कस्तुराबाईंचा आवाज आला. "दादा, आतनं वाजतंय वो."

"कस्तुराबाई, मी हाय... साहेबराव! उघडा..."

 मग बाहेरून साहेबरावांचाच आवाज आला, जरा वैतागलेला.

"टाकीचा पाइप वाजतोय त्यो. जा, कामाला लागा."

आणि त्यांच्याच चपला फटफटत घराकडे जेवायला निघून गेल्या.