येतो म्हणा

डोळे मिटा बरं. सगळीकडे निळं पाणी आणि त्यात एक बेट. एवढंसं, की या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाचा माणूस विचारतो, सर्दी झाली का? नारळाची झाडं, एक दीपगृह, आणि काठाजवळ पाण्यात काळा खडक, बाई उभी असावी तसा. दिसला? आता उघडा डोळे.

बेटाच्या जुन्या वस्तू एका खोलीत मांडलेल्या होत्या. फुटलेल्या जहाजाचं सुकाणू, गंजका नांगर, इथे प्रथम उतरलेल्या माणसांची मातीची भांडी. एक तरुणी ती खोली सांभाळायची, आल्यागेल्याला बेटाचा इतिहास सांगायची. तिची छोटी भाची दिवसभर तिच्या पायात घुटमळत असे.

एका दुपारी पावसाच्या सरीतून धावत एक कारागीर आत शिरला. दीपगृहाचा दिवा दुरुस्त करायला आलेला. इतिहासाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त आडोसा हवा होता. सर ओसरल्यावर तो म्हणाला, "बरं, जातो मी."

भाचीने दार अडवलं. "जातो नाही. येतो म्हणा."

आमच्याकडेही तसंच म्हणतात, तो हसून म्हणाला, पण दार कुणी अडवत नाही. तेव्हा तरुणीने त्याला गोष्ट सांगितली. फार पूर्वी एक खलाशी घाईघाईत बायकोला 'जातो' म्हणाला आणि गेला तो गेलाच. ती काठावर उभी राहिली, वाट बघत राहिली... आणि तिचा खडक झाला.

"जरा खाली बसायचं होतं तिने," तो म्हणाला.

"बसली असती, तर तुम्ही ऐकत बसला असता का?"

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. तेलकट हात सदऱ्याला पुसून मगच सुकाणूला हात लावायचा. ती तीच गोष्ट पुन्हा सांगायची आणि मध्येच अडखळायची, कारण तो खिडकीतून दिसणाऱ्या खडकाकडे न बघता तिच्याकडे बघत असायचा. एका संध्याकाळी दिवा लागला. त्याचा झोत खिडकीतून आला, तिच्या चेहऱ्यावरून सरकून गेला. काम संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर त्याने तिची नजर चुकवली नाही. आई अंथरुणाला खिळलेली, तिला दुसरं कुणी नाही, परत कधी सुटका होईल सांगता येत नाही, असं सगळं सरळ सांगून टाकलं.

"म्हणून मी येतो म्हणणार नाही," तो म्हणाला. "म्हटलं तर तुम्ही वाट बघाल. तुमचा खडक झालेला मला... नाही सोसायचा."

बोटीचे दोर सुटत होते. ती खडकाकडे बघत राहिली. इतक्यांदा ती गोष्ट सांगितली, पण एक प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. या बेटावर घरटी होडी आहे. त्या बाईकडे नव्हती का?

"मग तुम्ही जा," ती हळूच म्हणाली. "येते... मी म्हणते. पुढच्या बोटीने. आईंना सांगून ठेवा."

त्याने होकाराची मान हलवली. बोट दूर गेली तरी तो मान हलवतच होता.

शेजारी उभ्या भाचीने सगळं ऐकलं होतं. तिने विचारलं, "मावशी, मलापण येते म्हणशील ना?"

"तुला तर आधी म्हणेन," मावशीने तिला जवळ घेतलं, "आणि म्हटलं की यायचंच असतं."

भाचीने मावशीचा हात सोडला, धक्क्यावरून खाली उतरली, फ्रॉक सावरून गुडघाभर पाण्यात शिरली आणि खडकापाशी जाऊन त्याला ओल्या तळव्याने थोपटलं.

"तूपण जाऊन ये," ती म्हणाली. "तोवर मी उभी राहते."

आणि खडकाला पाठ लावून, डोळ्यांवर हात धरून, ती समुद्राकडे बघत उभी राहिली.