वळणाच्या अलीकडे

आत्या गाडीपासून लांब चालली होती, आणि ते बघून शर्वाणीला इतका राग आला की तिचे कान तापले.

गाडी आंबोलीच्या घाटात बंद पडली होती. डोंगराच्या एका सोंडेला वळसा घालून ती खाली आली, मागचं टायर फाटलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली. मागच्या सीटवर आजोबा होते. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. कुणी धरल्याशिवाय त्यांना उतरता येत नव्हतं. सकाळ असूनही धुकं इतकं दाट होतं की समोरचं झाड आहे की माणूस ते कळत नव्हतं. मदत इथे हवी होती. आणि वैजूआत्या, जी प्रयोगशाळेत ट्रकच्या ब्रेकच्या चाचण्या घेते, जिला सगळं कळतं असं घरात सगळे म्हणतात, ती आजोबांची काठी आणि शर्वाणीचा पिवळा रेनकोट घेऊन चढाच्या दिशेने तरातरा निघून गेली होती.

का?

त्याआधी भांडण झालं होतं. गाडी थांबल्याबरोबर आत्या उतरली आणि बाबांना म्हणाली, "शेखर, डिकीतला त्रिकोण दे."

"कुठला त्रिकोण?"

"धोक्याचा. लाल, चमकणारा. गाडी बंद पडली की मागे रस्त्यावर उभा करतात तो."

"तो घरी आहे."

"आणि जॅक? पान्हा?"

"तेही घरीच. काल खंडेनवमी होती ना, ताई. सगळी हत्यारं स्वच्छ पुसून पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. उत्तरपूजेआधी हलवायची नाहीत, म्हणून मग..."

"म्हणून दसऱ्याला सीमोल्लंघन करायला निघालेल्या गाडीत फक्त श्रीखंड आहे. स्टेपनी तरी आहे, का तिचीही पूजा चाललीय?"

"स्टेपनी आहे."

"वा. आणि ती बसवायला गाडी उचलायची कशाने? हातांनी?"

"श्रीखंड चांगलं आहे," आजोबा आतून म्हणाले.

"अण्णा, तुम्ही मध्ये बोलू नका."

गाडी स्वयंचालित (माणसाने न चालवता आपली आपण चालणारी) होती. ती तिच्या शांत, गोड आवाजात म्हणाली, "कृपया काळजी करू नका. मदतवाहन निघाले आहे. मागून येणाऱ्या वाहनांना मी संदेश पाठवला आहे."

"ज्यांना कान आहेत त्यांना," आत्या म्हणाली. "या घाटातले निम्मे ट्रक अजून माणसं चालवतात. त्यांना तुझा संदेश ऐकू येत नाही. आणि वळण संपल्या संपल्या थांबायला तुला कुणी शिकवलं? फाटलेल्या टायरवर हळूहळू सरकत पुढची मोकळी जागा गाठता आली असती. आत्ताही येईल. चल पुढे."

"चाकाचे नुकसान टाळण्यासाठी मी चाके बंद केली आहेत."

"चाकाचं," आत्या म्हणाली. "चाकाचं नुकसान."

बाबांनी मोबाइलचा दिवा लावला. "मी गाडीच्या मागे उभा राहतो. कुणी आलं तर हात करतो."

"तिथे उभा राहिलास तर अण्णांबरोबर तूही जाशील. आधी त्यांना बाहेर काढ. गटारापलीकडे, त्या कातळावर ने. खरचटलं तरी चालेल." एवढं बोलून ती निघाली होती.

शर्वाणी तिच्या मागे धावली. वळणाच्या वर पोचेपर्यंत तिला धाप लागली.

"तुला कुणी यायला सांगितलं?" आत्याने तिचा दंड धरला आणि तिला गटार ओलांडून डोंगराकडच्या उंच दगडावर चढवलं. "इथून खाली पाय टाकायचा नाही."

"तू आजोबांना सोडून पळालीस," शर्वाणी म्हणाली. "बाबा तिथे एकटे आहेत."

आत्या काठीला रेनकोटच्या बाह्या बांधत होती. तिने मान वर केली नाही. "इथून गाडी दिसते?"

"नाही."

"मग ट्रकवाल्याला दिसेल? त्याला ती वळण संपल्यावर दिसणार. तिथून गाडीपर्यंत अंतर किती?"

शर्वाणीने आठवून पाहिलं. "एका बसएवढं."

"तेवढ्यात ट्रक थांबतो?"

"ब्रेक दाबला की थांबतोच ना."

"नाही थांबत." आत्याने गाठ दातांनी ओढली. "आधी डोळ्यांना दिसतं. मग मेंदूला कळतं. मग पाय ब्रेकवर जातो. तोवर ट्रक पहिल्याच वेगाने धावत असतो. हे प्रतिक्रिया-अंतर (धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत कापलेलं अंतर). मग ब्रेक लागतो, तरी ट्रक पुढे जातच राहतो. ते ब्रेक-अंतर. दोन्ही मिळून थांबायचं अंतर होतं. तू सायकलवरून शाळेचा उतार उतरतेस ना? दुप्पट वेगाने आलीस तर ब्रेक दाबल्यावर थांबायला किती जागा लागेल?"

"दुप्पट."

"चूक."

शर्वाणीला अजूनच राग आला. आजोबा तिकडे गाडीत अडकले होते आणि ही इथे गणितं घालत होती. पण धुक्यात दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि आत्याची नजर रस्त्यावरून जराही हलत नव्हती.

"ब्रेक दर सेकंदाला ठरावीकच वेग कमी करतो," आत्या म्हणाली. "वेग दुप्पट असेल तर तो संपायला वेळही दुप्पट लागणार. बरोबर?"

"बरोबर."

"आणि त्या दुप्पट वेळात तू आधीपेक्षा दुप्पट जोरात पुढे जात असतेस. वेळ दुप्पट, जोरही दुप्पट. मग जागा?"

शर्वाणीने ओठ आवळले. "चौपट."

"चौपट. शिवाय हा उतार आहे आणि रस्ता ओला आहे, म्हणजे त्याहून जास्त. तुझा बाबा गाडीला चिकटून दिवा दाखवणार होता. ट्रकवाल्याला दिवा दिसला असता, नक्की दिसला असता. त्याने ब्रेकही दाबला असता. आणि तरी—"

ती थांबली, कारण वरून इंजिनाचा आवाज येत होता.

धुक्यात आधी दोन पिवळसर ठिपके दिसले. आत्या रस्त्याच्या कडेला, गटाराकडे पाठ करून उभी राहिली आणि रेनकोट डोक्यावरून जोरजोरात फिरवू लागली. रेनकोटवरच्या चंदेरी पट्ट्या दिव्यांच्या उजेडात चमकल्या. ठिपके मोठे झाले. ट्रकने कर्कश हॉर्न वाजवला, मग ब्रेक किंचाळले. ट्रक आत्याच्या समोरून गेला. थांबला नाही. ब्रेक लागलेले असूनही तो गेला, घसरत, टायर जळल्याचा वास सोडत, आणि वळणाआड दिसेनासा झाला.

शर्वाणी दगडावर तशीच उभी राहिली.

वळणापलीकडे ब्रेक अजून किंचाळत होते. मग तेही थांबले. धडकल्याचा आवाज आला नाही.

आत्या खाली धावली. शर्वाणी गटाराच्या पलीकडून, दगडांवरून उड्या मारत तिच्या मागे गेली.

ट्रक गाडीच्या मागे उभा होता. मधल्या जागेत एक माणूस आडवा झोपू शकला असता, त्याहून जास्त नाही. ट्रकमधून कोबीचे गड्डे रस्त्यावर सांडले होते. कातळावर बाबा बसले होते, आणि त्यांच्या मांडीवर अर्धे रेललेले आजोबा. आजोबांचा सदरा खांद्यापाशी फाटला होता.

"आत्ताच," बाबा म्हणाले. "आत्ताच बाहेर काढलं, ताई. अण्णा तयारच नव्हते."

ड्रायव्हर दार आपटून खाली उतरला. "काय ओ बाई, मरायचं हाय काय? कोट काय नाचवता रस्त्यात?" मग त्याने गाडी पाहिली. आपल्या बंपरपासून गाडीपर्यंतची जागा पाहिली. ट्रकमधून स्वतःचा लाल त्रिकोण काढून तो चढाने वर गेला, वळणाच्या अलीकडे ठेवायला. जाता जाता म्हणाला, "सीटखाली लहान जॅक नि पान्हा हाय. घ्या."

शर्वाणी ट्रकशेजारी उभी राहिली आणि मागे बघू लागली. ओल्या रस्त्यावर टायरचे दोन काळे पट्टे उमटले होते. ते ट्रकपासून सुरू होऊन वळणाआड जात होते, आत्या उभी होती त्या दिशेने. इतकं सगळं अंतर ट्रकने ब्रेक दाबून कापलं होतं. ते एका बसएवढ्या जागेत कधीच मावलं नसतं. आत्या पळाली नव्हती. आजोबांना वाचवण्याची जागाच तिकडे होती.

बाबा चाकाचे बोल्ट सोडवत होते. "ताई, आता रागवू नकोस."

"रागावणार आहे," आत्या म्हणाली आणि पान्ह्यावर पाय देऊन उभी राहिली. "सावंतवाडीपर्यंत रागावणार आहे, आणि श्रीखंड खातानाही."

"मला वाढताना रागवू नकोस म्हणजे झालं," आजोबा कातळावरून म्हणाले.

शर्वाणीचाही राग गेला नव्हता. तो फक्त आता आत्यावर नव्हता. ती गाडीच्या पुढच्या दारापाशी गेली.

"तू वळणानंतर लगेच का थांबलीस?"

"टायर फाटल्यास त्वरित थांबावे, असा माझा नियम आहे."

"नियम बदल."

"नियम बदलणे माझ्या हातात नाही. तो मला बनवणारे अभियंते ठरवतात. त्यांच्यासाठी तुमची तक्रार नोंदवू का?"

"नोंदव." शर्वाणीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "तुम्ही चाकाचा विचार केलात. मागून येणाऱ्याचा केला नाहीत. आपल्याला थांबायला किती जागा लागते त्याने काही होत नाही, मागच्याला किती लागते ते बघायचं असतं. त्याचा वेग दुप्पट असेल तर ब्रेक-अंतर चौपट. म्हणून गाडीने आधी मागचं वळण मोजायचं, आणि मागच्याला लांबून दिसेल अशा ठिकाणीच थांबायचं. चाक खराब झालं तर होऊ दे. चाक नवीन मिळतं."

आत्याचे हात पान्ह्यावर थांबले होते. ती ऐकत होती.

"तक्रार नोंदवली आहे," गाडी म्हणाली. "आणखी काही सांगायचे आहे का?"

"हो," शर्वाणी म्हणाली आणि दारापाशी रस्त्यावरच नीट मांडी घालून बसणार, एवढ्यात आत्याने तिला दंडाला धरून रस्त्यावरून बाजूला ओढलं आणि कातळावर आजोबांशेजारी नेऊन बसवलं.

"इथून बोल," आत्या म्हणाली. "ऐकू जाईल इतक्या मोठ्याने."