धुक्यातला बेलार्मिनो

त्या दुपारी आम्ही दोघी वाळूतले शिंपले, तिसऱ्या, काढायला उतरलो होतो. मी आणि माझी वहिनी दोमितिला. संध्याकाळी माझ्याकडे पाहुणे जेवायला यायचे होते आणि ओहोटीही चांगली लागली होती. चिलोए बेटावर धुक्याचं कुणाला काय नवल? पण त्या दिवशी ते असं उतरलं, की हातातली टोपली दिसे, पायाखालची वाळू दिसेना.

"नोल्फा, पाहुण्यांना काय चिखल वाढणार आहेस? हात चालव जरा."

"तुला समुद्र देतो गं वहिनी. मला नुसते दगड."

ती हसली. फार दिवसांनी हसली.

माझा भाऊ बेलार्मिनो हिवाळ्यात होडीसकट गेला. फळ्या किनाऱ्याला लागल्या, तो लागला नाही. त्या पहाटे दोघांचं भांडण झालं होतं. हा रात्रभर कुणाच्या लग्नात अकॉर्डियन वाजवत बसलेला. वहिनी दारातूनच ओरडली, "जा तिकडेच! पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस." तो तसाच होडीकडे वळला.

बुडालेल्यांना कालेउचे उचलून नेतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. भुतांचं जहाज ते. धुक्यातून येतं, धुक्यात विरतं. त्यावरच्या माणसांचा एक पाय पाठीकडे मुरडलेला असतो, ती एकाच पायावर उड्या मारत चालतात म्हणे. त्यावरून हाक आली तर ओ द्यायची नाही, हे पोरांनाही ठाऊक असतं.

आधी वास आला. डांबराचा, कुजलेल्या दोरखंडाचा. मग पक्षी गप्प झाले. आणि पाण्याच्या बाजूने, अगदी हळू, अकॉर्डियन वाजू लागलं. एका जागी सूर अडखळला. तिथे दादाचं बोट नेहमीच अडखळायचं.

वहिनीने माझं मनगट धरलं.

"दोमी..."

आवाज दादाचाच. जवळून, पण पाण्याखालून आल्यासारखा.

"दोमी... येऊ का घरी?"

वहिनीचं तोंड उघडलं. शब्द फुटेना.

"तू नको म्हणाली होतीस... म्हणून विचारतोय. येऊ?"

अकॉर्डियन पुन्हा वाजू लागलं, लांब लांब जात विझलं. धुकं फाटलं तेव्हा समोर नुसतं पाणी होतं.

"बरं झालं, बोलली नाहीस," मी कशीबशी म्हणाले.

"बरं कसलं गं?" ती वाळूतच बसली. "हो म्हणायचं होतं मला. भांडणातलं बोलणं ते... रागात माणूस काहीही बोलतं. आणि त्याने तेवढंच धरून ठेवलं?"

पुढे धुकं पडलं की ती पाण्याशी जाऊन उभी राही. "ये रे, दार उघडंच आहे," म्हणे. लोक आधी हसले, मग हसेनासे झाले. ती म्हातारी झाली. अकॉर्डियन पुन्हा कधी वाजलं नाही.

गेल्या शरदात ती गेली. तिला पुरून आल्यावर मीच तिच्या घराला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीतली राख काढायला म्हणून गेले, तर वाळूत पावलं उमटलेली. पाण्यातून निघून लाकडी पायऱ्या चढून दारापाशी आलेली, अनवाणी आणि ओली. परत जाणारं एकही नव्हतं.

मी कुलूप काढलं. आतली जमीन कोरडी होती.

मग पायऱ्यांवरून पुन्हा खाली पाहिलं, तेव्हा ध्यानात आलं... ती सगळी पावलं एकाच पायाची होती. उजव्या.