दाणोलीत ब्रेक कोणी दुरुस्त केले?

आंबोली घाटाच्या वरच्या टोकाला ब्रेक होते. खाली दाणोली जवळ आली तेव्हा ते गेले. मग दाणोलीत मुळीकभाऊंच्या चहाच्या टपरीवर गाडी अर्धा तास उभी राहिली आणि ब्रेक आपसूक परत आले. कुणी पाना लावला नाही, कुणी चाक उघडलं नाही. मग दुरुस्त केले कोणी?

मुळीकभाऊंचं म्हणणं, त्यांनीच. गाडी थांबल्या थांबल्या त्यांनी बंपरला लिंबू-मिरची बांधली होती. "बघा, लागले की नाय ब्रेक?" असं ते येईल त्याला सांगत सुटले आणि येणारा प्रत्येक जण मान डोलावत गेला. लिंबाला फार तर सरबत कळतं, ब्रेक कळत नाहीत. पण हे तोंडावर म्हणायची छाती त्या टपरीवर एकाचीही झाली नाही.

गाडी सुरंगी गवसच्या घरची. डिझेलवर चालणारी, सात माणसं बसतील अशी, सुरंगीच्या जन्माच्या कितीतरी आधीची. घरात तिला हत्तीण म्हणत. गावात बाकी सगळीकडे विजेच्या गाड्या आल्या होत्या, वळण दिसलं की स्वतःच वेग कमी करणाऱ्या. हत्तिणीला थांबवायला अजून माणसाचा पाय लागायचा. तो पाय सुरंगीच्या आईचा, कारण बाबा बोटीवर नोकरीला, बरेचसे महिने समुद्रात. त्या दिवशी आईनं गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक खेचला आणि डोंगराच्या बाजूच्या चरात चाकं घासत घासत ती कशीबशी टपरीशी उभी केली. "ब्रेक लागेनात, एवढंच आठवतं मला," आई नंतर सगळ्यांना सांगायची.

त्यातच नवा नियम आलेला. जुन्या डिझेल गाडीला घाटात फिरायचं असेल, तर तिनं भरल्या वजनानिशी घाट उतरून दाखवायचा. नापास झाली की थेट भंगारात.

म्हणून कुमुदआत्या आली. आत्या शास्त्रज्ञ. चंद्रावर फिरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक बनवणं हे तिचं काम. दर सुट्टीत ती आली की हत्तिणीखाली शिरायची आणि सुरंगी बाहेर उकिडवी बसून पाने द्यायची. "बारा नंबर," आत्या म्हणायची आणि बारा नंबर तिच्या हातात पडायचा. जगात दुसऱ्या कुणाला हे जमणार नाही, अशी सुरंगीची पक्की समजूत होती.

या वेळी आत्यासोबत सोमा आला.

सोमा यंत्रमानव. उंचीनं सुरंगीएवढा. चंद्रावर बरीच वर्षं गाड्या दुरुस्त करून परत आलेला, त्यामुळे पाठीवर बारीक ओरखडे आणि बोलण्यात भलतीच नम्रता. आत्या गाडीखाली शिरली आणि म्हणाली, "सोमा, बारा नंबर."

सुरंगीचा हात हवेतच राहिला.

"डबा मेला," ती पुटपुटली.

"मला ऐकू येतं," सोमा म्हणाला. "पण मी डबा नाही. डबा आतून रिकामा असतो."

आत्या गाडीखाली खदाखदा हसली. हे तर फारच झालं. सुरंगीच्या विनोदांना ती इतकी कधी हसली नव्हती.

जेवताना आत्यानं विचारलं, "सांगा बरं, ब्रेक दाबला की वेग जातो कुठं?"

"संपतो," आई म्हणाली.

"वैजू, जगात काही असं संपत नाही. तळहात घासा एकमेकांवर. जोरात."

आईनं घासले. सुरंगीनंही घासले, पण टेबलाखाली. हात तापले.

"झालं? हाताची हालचाल गेली, उष्णता आली. ब्रेक हेच करतो. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते. तिला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. चिमट्यात ब्रेक पॅड (घासणाऱ्या जाड वड्या) असतात. आपण पायानं दाबतो, वड्या चकतीवर घासतात, वेगाची उष्णता होते. सोमा, हत्तीण आंबोलीहून दाणोलीला उतरली तर किती उष्णता?"

"सगळा उतार ब्रेकवरच उतरला, तर दोन बादल्या पाणी खळखळून उकळेल एवढी."

"आणि ही बाई सगळा उतार ब्रेकवरच उतरते," आत्या म्हणाली. "गाडी न्यूट्रलला टाकून. हो की नाही?"

आई ओशाळली. "घाटात सगळेच टाकतात, वन्सं. डिझेल वाचतं."

"काही वाचत नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला डिझेल जळतच असतं. उलट गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलास, तर उतारावर चाकंच इंजिनाला फिरवतात. तेव्हा डिझेल जवळजवळ बंद होतं आणि इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. फुकटचा ब्रेक आहे तो. घाटातले सगळेच तो फेकून देतात आणि वर शहाणपण मिरवतात."

मग सोमानं निदान सांगितलं. पॅड फार तापले की त्यांची पकड सुटते, चकतीवरून नुसते गुळगुळीत घसरतात. थंड झाले की पकड परत येते. म्हणून ब्रेक गेले आणि अर्ध्या तासानं परत आले. उपाय असा, की जुन्या सपाट चकतीऐवजी मोठी, हवेशीर चकती बसवायची (दोन चकत्या एकावर एक, मधे पोकळी आणि पोकळीत पंख्यासारखी पाती). चाक फिरलं की ही चकती स्वतःलाच वारा घालते. तिच्या मापाचा रुंद चिमटा आणि जास्त उष्णता सोसणारे नवे पॅड.

"शाब्बास सोमा!" आत्या म्हणाली.

सुरंगीनं ताटातल्या भाताचा डोंगर केला आणि बोटानं मोडला. कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती आणि त्या डब्याला ती ठाऊक नव्हती.

त्या दिवशी टपरीवर आई बाकावर बसून पाणी पीत होती, तेव्हा सुरंगी आईच्या जागेवर जाऊन बसली होती. तिनं ब्रेक दाबून पाहिला होता. एरवी तो टणक असतो. त्या दिवशी फुगा दाबावा तसा मऊ लागला आणि थेट खाली तळाला टेकला. अर्ध्या तासानं तिनं परत दाबला, तर पुन्हा टणक. नुसते पॅड घसरत असतील, तर पायाखाली फुगा कशाला लागेल?

पण तिला कुणी विचारलंच नव्हतं. आत्यानं आईला विचारलं, सोमाला विचारलं. शेजारच्या सीटवर बसून तोच घाट उतरलेली पोरगी समोर भात चिवडत होती, तिला मात्र नाही. मोठ्यांची ही जुनीच खोड. मुलं ऐकायला असतात, सांगायला नसतात, असं त्यांनी कधीतरी ठरवून टाकलंय आणि ते तपासायची तसदी घेतलेली नाही.

'नको ना विचारू,' सुरंगी मनात म्हणाली. 'होऊ दे डब्याची फजिती चाचणीत.'

पुढचे दोन दिवस ती पायरीवर बसून नुसती बघत राहिली. सोमाचे हात सुरेख चालायचे. ते सुरेख चालत होते याचाच तिला जास्त राग यायचा. नवे चिमटे बसवताना ब्रेकच्या नळीतून थोडं ब्रेक ऑईल गळलं, चहासारखं तांबूस काळं. सोमानं ते उघड्या भांड्यात जपून धरलं आणि काम झाल्यावर परत ओतलं.

"चंद्रावर काही वाया घालवत नाहीत," तो तिला म्हणाला.

"मग तिथंच राहायचं होतं," सुरंगी म्हणाली.

चाचणीच्या सकाळी हत्तीण अंगणात घुरघुरत होती. मागे वाळूच्या गोण्या भरलेल्या. आत्या म्हणाली, "सोमा, तू पुढं बस वैजूशेजारी. तापमान बघत राहा."

पुढची सीट! सुरंगी पाळण्यातून उतरली तेव्हापासून ती सीट तिची होती. सोमा चढला आणि त्यानं तिचाच पट्टा लावला. सुरंगीच्या डोक्यात सणक गेली. 'जा. जा आणि आपट तोंडावर.'

तेवढ्यात आईनं चपला काढल्या. आई नेहमी अनवाणी गाडी चालवायची. तिनं चपला सीटखाली सारल्या आणि उघडा पाय ब्रेकवर ठेवला. सुरंगीला तो पाय दिसला, अंगठ्यापाशी भेगाळलेला. आणि स्वतःच्या तळपायाखाली तिला तो मऊ फुगा पुन्हा जाणवला. घाटात सोमा एकटा जाणार नव्हता. आई जाणार होती.

ती धावत जाऊन बोनेटपुढं उभी राहिली.

"आई, उतर! उतर आधी!"

"अगं वेडे, चिरडली जाशील! बाजूला हो!"

"ब्रेक मऊ झाला होता! दाणोलीत मी दाबला होता. फुग्यासारखा झाला होता, तळाला टेकला. आणि याला काही माहीत नाही!"

आत्यानं खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं.

"परत सांग. अगदी हळू."

सुरंगीनं सांगितलं. मग आत्यानं औषधाच्या कपाटातून एक सिरिंज आणली, सुई नसलेली. ती पाण्यानं पूर्ण भरली आणि सिरिंजच्या तोंडावर बोट दाबून धरलं. "दाब."

सुरंगीनं दट्ट्या दाबला. तसूभर हलला नाही.

आत्यानं थोडं पाणी काढून हवेचा बुडबुडा आत घेतला. "आता दाब."

दट्ट्या मऊपणे आत गेला.

"हाच!" सुरंगी ओरडली. "असाच लागला होता!"

"द्रव दाबून लहान होत नाही, हवा आणि वाफ होतात," आत्या म्हणाली. "तुझ्या आईचा पाय आणि चाकाजवळचा चिमटा यांच्यामध्ये नळीभर ब्रेक ऑईल आहे. पाय दाबला की तेच पुढं जाऊन चिमटा आवळतं. पण हे ऑईल हवेतला ओलावा पितं. जुनं झालं की त्यात पाणी मुरलेलं असतं आणि ते लवकर उकळतं. चिमटा तापला, ऑईल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले. तू ब्रेक दाबलास तेव्हा बुडबुडेच दाबत होतीस. अर्ध्या तासात वाफ निवली, परत द्रव झाली, ब्रेक टणक."

"म्हणजे लिंबानं नाही," आई म्हणाली.

"आणि नव्या चकत्यांनी उष्णता कमी झाली असती," सोमा हळूच म्हणाला, "पण जुनं ऑईल मी परत ओतलं. तेही उघड्या भांड्यातलं. आमच्या गाड्यांत ब्रेक ऑईल नसतं, सगळं विजेवर चालतं. थंड गाडीत मी ब्रेक दाबला, तो टणक होता. मी चुकलो."

"तू एकटा नाहीस. मीही इतकी वर्षं डोक्यानं चंद्रावरच राहत होते," आत्या म्हणाली. मग ती सुरंगीकडे वळली. "तू एवढे दिवस का नाही बोललीस गं?"

"तू त्याला विचारलंस. मला नाही."



आईनं फोन करून चाचणी दुपारी घ्यायला लावली. ऑईल बदलून नळीतली हवा काढायला दोघं लागतात. एकानं ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकापाशी बारीक तोटी उघडायची आणि पाय सुटण्याआधी ती बंद करायची. पाय लवकर सुटला तर हवा परत आत. पाय सुरंगीचा, तोटी सोमाची.

"दाब," सोमा म्हणाला.

"दाबला."

"धर. धर. मी बंद केली. सोड."

पारदर्शक नळीतून आधी काळं ऑईल आलं, मग बुडबुडे, मग नवंकोरं, तुपासारखं पिवळसर. एकामागून एक चारही चाकं झाली.

"आता कसा आहे?" सोमानं विचारलं. "मला दाब मोजता येतो. पण टणक म्हणजे काय, ते तुझ्या पायाला कळतं."

सुरंगीनं मुद्दाम दोनदा दाबून पाहिला. "दगड," ती म्हणाली. कुणीतरी विचारलं होतं एकदाचं.

दुपारी हत्तीण घाट उतरली. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन कुरकुरत, आईचा अनवाणी पाय लागेल तेवढाच ब्रेकवर. पुढं सुरंगी, मागं गोण्यांच्या मधे सोमा आणि आत्या. सुरंगी प्रत्येक वळणावर विचारायची, "कसाय?" आणि आई म्हणायची, "दगड." चाचणीवाल्या साहेबांनी तळाशी गाडी तीनदा करकचून थांबवायला लावली. ती तिन्ही वेळा जागच्या जागी थांबली. हत्तीण पास.

मुळीकभाऊ टपरीतून नवं लिंबू घेऊन धावत आले. "सरबत करा भाऊ," आई म्हणाली, "पाच ग्लास."

"चारच," सोमा म्हणाला.

नव्या चकतीवरची हवा उन्हात थरथरत होती. आत्या तिकडं बघत म्हणाली, "दोन बादल्या उकळवणारी उष्णता. काही इंजिनानं खाल्ली, काही इथं वाऱ्यावर गेली. विजेच्या गाड्या निदान थोड्या वेगाची, उष्णता होण्याआधीच, वीज करून साठवतात. चंद्रावर तर वारासुद्धा नाही. ही हवेशीर चकती तिथं बिनकामाची. उष्णता घालवायची कशी, हेच माझं कोडं आहे."

"घालवायची कशाला?" सुरंगी म्हणाली. "तिथं रात्र असते ना थंड?"

"पृथ्वीवरचे चौदा दिवस रात्र," सोमा म्हणाला. "मला तिथं फार गारठायला व्हायचं. हातांचे सांधे आखडायचे."

"मग तीच उष्णता दगडात नाहीतर कशात तरी साठवा. रात्री हा तिच्याजवळ बसेल."

आत्यानं ग्लास खाली ठेवला. "चौदा दिवस टिकेल असं साठवायचं म्हणजे अवघड आहे," ती म्हणाली. "अजून कुणी केलेलं नाही." आणि ती सुरंगीकडे अशी बघत राहिली, जशी ती सोमाकडे बघायची.

परत निघताना सोमा मुकाट्यानं मागच्या दाराकडे वळला. सुरंगी पुढच्या दाराशी उभी होती. जळफळाट अजून पुरता गेला नव्हता, तो काही लिंबानं जाण्यातला नव्हता. पण तिला आठवत होते ते आखडलेले हात.

"ए सोमा," ती म्हणाली, "पुढं बस. पहिल्या वळणापर्यंतच हं. आणि पट्टा माझा आहे, तो नीट लाव."