तेल पाजलेला विंच

डोंगराच्या पोटातल्या त्या विवराच्या तळाशी पिंपाएवढी एक कवटी पडली होती, आणि ती वर आणल्याशिवाय थोरल्या भावाला अन्न गोड लागणार नव्हतं. कवटी कुठल्या जनावराची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेत जीवशास्त्र शिकवणारा हा गृहस्थ हाडांपायी इतका वेडा, की गल्लीत त्याला सगळे हाडवैद्य म्हणत. खरं तर त्याने जन्मात कुणाचं हाड बसवलं नव्हतं!

बरोबर त्याची बायको आणि धाकटा भाऊ. घरचं यंत्रदुरुस्तीचं दुकान हे दोघं चालवत. आणि दोघांना चालवत सासूबाई. त्यांचा एकच कायदा होता : यंत्र तेल प्यायल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. त्या काळी माणसं कायदे असे पाळत, की कारण विचारायचं सुचतच नसे.

विवर दिसण्याआधी त्याचा वास आला. आंबट, तिखट, डोळ्यांत झोंबणारा. खाली हजारो वटवाघळं लटकत होती आणि त्यांच्या पिढ्यानपिढ्यांच्या विष्ठेचा चिखल तळाशी साचला होता. तोल जाऊन पडलेली जनावरंही त्यातच कुजत. काठावरच्या दगडांना हात लावावा, तर बोटांना काहीतरी चिकट लागे आणि त्यात बारीक किडे वळवळत.

"शी! अहो, याच्यासाठी आणलंत तुम्ही मला?" तिने पदर नाकाशी धरला.

"अगं, हा वास नाही, खजिना आहे!"

"खजिना तुम्हालाच लखलाभ. मला आधी विंच बघू दे."

हाताने फिरवून दोराने वजन ओढायचा तो विंच तिने आणि धाकट्याने काठावरच्या खडकात पहारीएवढे खिळे ठोकून पक्का बसवला. तिने तारेच्या दोराभोवती फडकं गुंडाळून ते टोकापासून टोकापर्यंत ओढलं. तुटकी तार असती तर फडकं अडकलं असतं. मग बोल्ट आवळले, आकड्याच्या तोंडाशी मिटणारी जीभ बघितली, खटका दातेरी चाकात टक् टक् पडतो का ते ऐकलं.

"आणि भावजी, ब्रेक?"

"घरीच बघितला, वहिनी. भला मोठा दगड लटकवला, हँडल सोडलं. दगड तसूभर हलला नाही."

भावजी खोटं बोलत नसत. तिने ब्रेकचं झाकण उघडलं नाही.

कातड्याच्या पट्ट्यांच्या बैठकीत बसून थोरला खाली गेला. हँडल लोण्यासारखं फिरत होतं. जरा जास्तच लोण्यासारखं, असं तिच्या मनात आलं; पण तेवढ्यात खालून थोरल्याची आनंदाची किंकाळी आली आणि तो विचार तिथेच राहिला. दुपार उतरेपर्यंत त्याने गुडघाभर घाणीत उभं राहून कवटी जाळीत भरली आणि आपल्या पायांखाली बांधली.

"ओढा!"

दीर-भावजय आळीपाळीने हँडल फिरवू लागले. तो निम्म्यावर आला. घाम डोळ्यांत उतरला म्हणून धाकट्याने नेहमीच्या सवयीने हँडल सोडलं. सोडायचंच असतं. वजन ब्रेकने धरायचं असतं.

ब्रेकने धरलं नाही!

हँडल गरगर उलटं फिरलं. खाली किंकाळी! धाकटा हात पुढे घालणार, तोच तिने त्याला धक्का मारून पाडलं. फिरत्या हँडलने मनगटाचा भुगा केला असता. शेजारी पडलेली कुदळ! तिने कुदळीचा दांडा मोठ्या दातेरी चाकात खुपसला. कडाड्! लाकूड अर्धं चिरलं. पण चाक थांबलं.

"अहो!"

ती काठावरून खाली वाकली. मग खालून ओकारीचा आवाज आला, आणि तो ऐकून तिला जन्मात झाला नव्हता एवढा आनंद झाला.

"जिवंत आहे! तोंडात गेलंय काहीतरी!"

"थुंका! आणि हलू नका!"

दांडा किती वेळ टिकेल, सांगता येत नव्हतं. तिने तारेला चिमटा आवळला, चिमट्याला साखळी आणि साखळी खडकाला. वजन साखळीवर आल्यावर मग तिने ब्रेकचं झाकण उघडलं. आत पिवळं, दाट, भरपूर तेल! त्यात आता तिच्या हातांना लागलेली विष्ठा आणि किडे मिसळून खरकट्या मोरीसारखा लगदा झाला होता. खटका आपल्या जागी नीट बसला होता. पण त्याची पकड दोरापर्यंत पोचवणाऱ्या ब्रेकच्या चकत्याच एकमेकींवरून घसरत होत्या.

"भावजी, हे काय?"

धाकट्याचं तोंड पांढरं पडलं. "निघताना आई म्हणाली, तेल पाजलंस का? दगडाची परीक्षा त्याआधीच झाली होती. मग म्हटलं, झाकण उघडून सगळीकडेच..."

"ब्रेकला? अहो, घसरू नये म्हणूनच तर तो असतो!"

रागवायला वेळ नव्हता. बरोबर आणलेल्या स्टोव्हचं रॉकेल ओतून तिने एकेक चकती धुतली, पुसली, कोरड्या खडकावर घासली. बोटांच्या बेचक्यांत किडे चिरडत होते. चकत्या कोरड्या होत आल्या आणि सूर्य डोंगराआड गेला.

विवरातून सळसळ ऐकू आली.

"वहिनी! वटवाघळं!"

काळा धूर उसळावा तशी ती बाहेर आली. पंख गालांवर आपटत होते, केसांत अडकत होते आणि वरून मुताचा, विष्ठेचा पाऊस पडत होता! तिने चकत्या छातीशी धरल्या आणि कोंबडी अंड्यांवर बसते तशी त्यांच्यावर वाकून बसली. मानेवरून गरम ओघळ पाठीत उतरले. तिने दात आवळले. तोंड उघडायचीसुद्धा सोय नव्हती.

थवा संपला. ती मळाचा पुतळा झाली होती. चकत्या कोरड्या होत्या.

साखळी तशीच ठेवून तिने चकत्या बसवल्या, चाकातला दांडा काढला, वजन बोटभर उचललं आणि हँडल सोडून पाहिलं. दोर बोटभर खाली सरकला. पुन्हा उचललं. पुन्हा सरकला. चकत्यांनी आत मुरवून घेतलेलं तेल अजून पाझरत होतं.

"अहो, जाळी कापा."

"काय? वेडी झालीस का? अख्ख्या जगात अशी दुसरी नसेल!"

"तुम्हीही दुसरे नाही आहात. ब्रेक दोघांना पेलत नाही. कापा!"

"दादा, काप रे!" धाकटा रडत ओरडला. "शपथ आहे तुला!"

खाली दोरीवर चाकू अडखळत घासू लागला. मग दोर थरथरला आणि कितीतरी खोलवरून 'बदक्क' असा लिबलिबीत आवाज आला. पाठोपाठ दुर्गंधीचा लोट वर आला.

तिने पुन्हा हँडल सोडलं. दोर जागचा हलला नाही.

थोड्या थोड्या फेऱ्या, मग चिमटा खाली सरकवून आवळायचा, मग पुन्हा फेऱ्या. असं करत त्यांनी त्याला काठावर घेतलं. तो काठावर पालथा पडून राहिला. काळोखात त्याचे फक्त डोळे पांढरे दिसत होते.

"तुला वास येतोय गं," तो म्हणाला.

"तुमचाच आहे," ती म्हणाली आणि ओकली.

घरी पोचले तेव्हा सासूबाई दारातच होत्या. त्यांनी लेकाकडे पाहून नाक मुरडलं, मग विंचकडे पाहून कपाळावर हात मारला. "अगंबाई, काय ही कळा! मी म्हटलं होतं ना, तेल पाजा म्हणून!" सवयीने त्यांचा हात तेलाच्या बुधलीकडे गेलासुद्धा.

मधे उभं राहून तिने सगळं सांगितलं. धाकटा मान खाली घालून ऐकत होता. सांगून झाल्यावर तिने एक चकती सासूबाईंसमोर धरली. खरखरीत, निस्तेज, कोरडी.

सासूबाईंनी ती घ्यायला हात पुढे केला, आपल्या तेलकट बोटांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"थांब," त्या म्हणाल्या. "आधी साबणाने हात धुऊन येते."